दिल्लीचे साहेब आन् आमच्या नव्या टोपल्या

किस्से म्हणजे जिनिंगातल्या सरकीवानी बगा. कितीबी झाडून काढा, कोपऱ्यात चार-दोन राहतेतच!

सेलूच्या जिनिंगात आमी बाया कापूस निवडायचो. नामांतराचे दिवस, येष्टी कवा बंद पडंल नेम न्हाई, तरी चालत जायचो. एक दिवस गेटालाच कुलूप! मालक म्हणले, "देशात मंदी आलीय."

मी म्हणलं, "आसंल. तुमच्या दारातल्या नव्या जीपमधी बसूनच आली का?"

*

टपरीवर रेडिओ लागला. देशाचे सगळ्यात मोठे साहेब दिल्लीहून बोलायलते, "घाबरू नका, सरकार समद्याला काम देणार."

माझ्यासंगं गया होती. नवरा वारलेला, पोरगी सातवीला. परीक्षेपस्तोर पुरंल आसं काम न्हाई मिळालं तं पोरीला घेऊन ऊस तोडायला जायाची पाळी, शाळा बंद.

"आक्का, खरं आसंल का गं?"

"खरं आसतं तं समोर येऊन बोलले आसते. रेडिओला उलटं विचारता येतंय का?"

*

तहसीलात नावं लिवायला गेलो. क्लार्कनं विचारलं, "काम काय येतं?"

"कापूस निवडायला."

त्यानं लिवलं, अकुशल.

"म्हंजे काय वो?"

"म्हंजे काहीच येत न्हाई."

मी त्याच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरली. "दुकानदारानं सुती म्हणून दिला ना? निम्मं टेरिलीन हाय!"

बिचारा दिवसभर बाहीच चोळायलता!

*

आन् एकदम देवगाव फाट्यावर काम निघालं! रस्त्याची माती टाकायची. मला तवाच वास आला. मंग कळलं, दिल्लीचे साहेब त्याच रस्त्यानं यायलेत.

मुकादमानं नव्याकोऱ्या टोपल्या वाटल्या आन् म्हणला, "आधी चिखल लावा. विचारलं तं सांगायचं, तीन महिन्यापासून काम चालू हाय."

पहिल्या दिवशी काम काय केलं? नव्या टोपल्या जुन्या केल्या!

त्याचं धोतर मात्र पांढरंफेक. मी दोन मुठी चिखल फासला. "तुमीबी तीन महिन्याचे दिसा की, मुकादम!"

गयाला हसू आलं न्हाई. तिनं विचारलं, "साहेब गेल्यावर काम ऱ्हाईल ना?"

मुकादम चिखल पुसत म्हणला, "आधी येऊ तं दे."

*

साहेब आले. लय गाड्या, लय पोलीस. फोटोवाले म्हणले, टोपलीला हात लावा. साहेबांनी गयाच्या टोपलीला हात लावला.

"बाई, काम मिळतंय ना?"

मुकादम मागून तीन बोटं दाखवायलता. मी गयाकडं बगितलं. तिनं टोपली घट्ट धरली, साहेबाच्या हातासकट.

"मिळतंय की साहेब, तुमी आले की मिळतंय. माझ्या पोरीची परीक्षा होईस्तोर रोज एक चक्कर मारा!"