लाकडाचा की ॲल्युमिनियमचा

आमच्या ह्यांनी उभी हयात विमानाच्या कारखान्यात काढली, पण विमानात बसायचा योग काही आला नाही. मग नव्वदच्या दशकात त्यांनी स्वतःच एक बनवायला घेतलं. नाशिकच्या आमच्या दोन खोल्यांत ते मावणार नव्हतं, म्हणून माझ्या माहेरी, दिंडोरीच्या मळ्यात, द्राक्षांचे क्रेट ठेवायच्या शेडमध्ये त्याचा संसार मांडला. धाकट्या भावाने हौसेने जागा दिली. रविवारी दोघे एकदा शेडमध्ये शिरले की जेवायला दहा हाका माराव्या लागायच्या. मी चिडायचे, पण खरं सांगायचं तर त्यांना तसं बघून मला बरं वाटायचं.

इंजिन मुंबईच्या भंगारातून आणलेलं, एका जपानी मोटारीचं. रोटरी. त्यात दट्ट्या वर-खाली होत नाही, एक तिकोनी तुकडा गरगर फिरतो, आणि इतका जोरात की प्रोपेलर थेट जोडून चालत नाही. मध्ये वेग कमी करणारा गिअरबॉक्स लागतो. या इंजिनाला प्रोपेलर कोणता लावावा, यात ह्यांनी किती महिने घातले देव जाणे. लांबी किती, पात्यांना पीळ किती. पुठ्ठ्याची पाती कापून माझ्या ओट्याशेजारी टेकवून ठेवलेली असायची. शेवटी लाकडाचा घ्यायचं ठरलं. कारागीर म्हणाला, दिवाळीनंतर मिळेल.

भावाला तेवढा धीर नव्हता. नवं यंत्र दसऱ्याला पूजा करून सुरू करायचं, ही आमच्या घरची रीत. त्याने भंगारातून ॲल्युमिनियमचा एक प्रोपेलर उचलून आणला. एका पात्याचं टोक वाकलेलं होतं. मळ्यात वाकलेलं सगळं जसं सरळ करतात तसंच त्याने तेही तापवून, ऐरणीवर ठोकून सरळ केलं आणि घासून चकचकीत केलं.

"दाजी, वाकलं होतं ते कळतंय का कुठं?"

"कळत नाही, तेच वाईट आहे," हे म्हणाले. "आत चीर गेली असेल तर दिसणार नाही. लाकूड मोडलं तर झिलप्या उडतात. हे तुटलं तर माणूस जाईल."

"उडवायचं कुठं हाय? झाडाला बांधून नुसतं फिरवायचं. दसरा हाय दाजी, नाय म्हणू नका."

हे नाही म्हणाले नाहीत. सासुरवाडीत जावयाचा मान असतो म्हणतात. ह्यांचा मान म्हणजे पुढ्यात येईल त्याला मान डोलावणं. वाढलेलं ताटात टाकायचं नाही, मेहुण्याचं मन मोडायचं नाही.

दसऱ्याला विमानाचं शेपूट दोरखंडाने कडुनिंबाला बांधलं. हळदकुंकू झालं, नारळ फुटला, झेंडूची माळ उतरवून ठेवली. हे आत बसले. इंजिन सुरू झालं आणि त्या आवाजाने माझे कान बधिर झाले.

आमच्याकडे गहू उफणायला पंखा लावतात. भुसा पंख्याच्या समोर उडतो, म्हणून पंखा सुरू करताना हाळी देतात, बाजूला व्हा. भाऊ तसाच ओरडला. समोरची सगळी माणसं बाजूला सरली. तो सगळ्यांच्या पुढे, पात्यांच्या अगदी रेषेत उभा राहिला. प्रोपेलरचं पातं तुटलं तर ते बाजूलाच सुटतं, हे त्या मळ्यात एकाच माणसाला माहीत होतं आणि तो आत बसला होता. हे आतून जिवाच्या आकांताने हात हलवत होते. आम्हाला वाटलं, आनंद झालाय. भावानेही हसून हात हलवला.

पातं तुटल्याचा आवाज मला आलाच नाही. भाऊ खाली बसलेला दिसला तेवढंच. नाशिकला नेईपर्यंत तो राहिला नाही. तुटलं होतं ते ठोकलेलंच पातं.

दिवाळीनंतर लाकडी प्रोपेलर गोणपाटात गुंडाळून आला. ह्यांनी हात लावला नाही, मीच सोडला. सुंदर होता, हाताला गुळगुळीत. मी ह्यांना तोंडावर म्हटलं, एकदा नाही म्हणायला तुमचं काय जात होतं?  त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचे.

उन्हाळ्यात वहिनीचा गहू निघाला. मळा आता ती एकटीच बघत होती, म्हणून आम्ही मदतीला गेलो. तिने पंखा सुरू केला आणि सवयीने हाळी दिली, "बाजूला व्हा."

सगळे बाजूला झाले. हे जागचे हलले नाहीत. त्यांनी माझा दंड धरून मला पात्यांच्या रेषेतून पंख्यासमोर ओढलं. भुसा तोंडावर आला, नाकात गेला.

"दाजी, डोळ्यात जाईल ना," वहिनी म्हणाली.

"जाऊ द्या," हे म्हणाले. माझा दंड त्यांनी सोडला नाही आणि मी सोडवून घेतला नाही.

वहिनी आमच्याकडे बघत राहिली. मग पदर तोंडावर ओढून तीही भुशात आमच्याजवळ येऊन उभी राहिली.