बुडबुडे थांबल्याची वेळ

पलसाण्याच्या रस्त्यावर, दोन डाइंग मिलच्या मधल्या बोळात आमचं युनिट आहे. भांगेच्या कुळातल्या, नशा जवळजवळ नसलेल्या जातीच्या झाडांपासून आम्ही औषधी तेल काढतो. परवाने भिंतीवर फ्रेम करून लावलेत, तरी उधन्याच्या आमच्या सोसायटीत शेजारीण अजून विचारते, "काय मग, आज किती चढली?"

"चढत नाही, उतरते," मी सांगते. "उणे चाळीसपर्यंत."

ते खरंच आहे. पहाडातून पोत्यांनी आलेला वाळका पाला आम्ही भरड दळतो आणि इतक्या थंड स्पिरिटमध्ये भिजवतो. पाला गाळून टाकला की हिरवं पाणी फिरत्या काचेच्या गोळ्यात जातं. तिथे स्पिरिट उडून परत मिळतं आणि मागे काकवीसारखा काळपट रस उरतो. हा रस कच्चा. त्याला दुहेरी भिंतीच्या काचेच्या भांड्यात तापवावं लागतं. तापला की त्यातून वायू सुटतो, बारीक बुडबुडे येत राहतात, आणि ते थांबले की द्रव्य पक्कं झालं. मग पुन्हा स्पिरिटमध्ये विरघळवून रात्रभर गोठवायचं, म्हणजे मेण वेगळं होऊन तळाशी बसतं. ते गाळायचं, शुद्ध करायचं, तिळाच्या तेलात मिसळायचं आणि नमुना तपासणीला पाठवायचा.

माझं काम नोंदींचं. प्रत्येक लॉटचा एक तक्ता, प्रत्येक पायरीपुढे वेळ, बरोबरची खूण आणि सही. माझी खूण ओळखू येते. तिची शेपटी शेवटी मागे वळते. शाळेपासून तशीच आहे.

त्या गुरुवारी सकाळी मी आदल्या दिवसाचा तक्ता तपासत होते. 'बुडबुडे थांबले' या ओळीपुढे लिहिलं होतं चार दहा. खूण होती, शेपटी वळलेली. सही माझी.

मला ती केल्याचं आठवेना.

मी पिशवीतली छोटी डायरी काढली. तीन वीस, भांडं तापवायला सुरुवात. पाच, चहा. मध्ये काहीच नव्हतं. डायरीत माझी दीड तासाची जागा कधी कोरी नसते. डोक्यातही तिथे कोरंच होतं. तीन वीसला भांड्याचं झाकण लावलेलं आठवत होतं, आणि त्यानंतर थेट कपाची कड ओठाला भाजलेली.

आमचे ऑपरेटर भाऊ पाल्याची पोती मोजत होते. साठीचे, मूळचे धुळ्याकडचे, कडोदऱ्याला वीस वर्षं कापडाच्या लूमवर काढलेले. मी तक्ता त्यांच्यापुढे धरला.

"भाऊ, ही सही मी केली?"

त्यांनी वर पाहिलंच नाही. "तुमचंच अक्षर शे ना, ताई?"

घरी गेल्यावर मी स्वयंपाकघरातले डबे एकेक करून पाहिले. माझ्या आईने शेवटच्या वर्षांत डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. तूरडाळीवर तूरडाळ, आणि तिच्यावर पुन्हा तूरडाळ. दाखवलं की शांतपणे म्हणायची, "हे मी नाही लिहिलं. कोणीतरी येऊन लिहून जातं." आम्ही हसायचो. तेव्हा ती माझ्याच वयाची होती. माझ्या डब्यांवर एकेकच चिठ्ठी होती. तरी मी दोनदा मोजल्या.

शुक्रवारी मी शक्यता लिहून काढल्या. एक, मी सही केली आणि विसरले. दोन, सही दुसऱ्याने केली. दुसरी मी खोडली. तो वळसा कोणाला जमणार? उरली पहिली. लोक हे तेल जिभेखाली घेतात. ज्या बाईला आपली सही आठवत नाही, तिने त्याच्या तक्त्यावर सही करू नये. शनिवारी शेठला सांगून काम सोडायचं ठरवलं. पण आधी भाऊंना सांगायला हवं होतं, नव्या माणसाला तेच शिकवणार होते.

ऐकून त्यांनी हातातलं पोतं खाली ठेवलं.

"अहो ताई, सही मीच मारली!"

"तुम्ही?"

"लूमवरची सवय. जोडीदार जरा टेकला तर त्याचं कार्ड आपण भरायचं. पाळी कोरी जाऊ द्यायची नाही. काम झालं होतं ना! बुडबुडे मी बघितले, घड्याळ बघितलं."

मला हसूच आलं. इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीत बसले. "आणि माझी शेपटी?"

"पाठ झाली आता."

आता. तो शब्द मला जरा उशिरा ऐकू आला.

"भाऊ, किती वेळा?"

कपाटातून फाइल काढून त्यांनी पानं उलटली आणि बोट ठेवत गेले. "ही. ही पण. ही तुमची... नाही, ही पण माझीच." मी वाकून पाहत होते. कुठली माझी आणि कुठली त्यांची, मला एकही ओळखता आली नाही.

"आणि मी कुठे होते तेव्हा?"

"इथंच." त्यांनी भांड्याकडे हात केला. "काचेसमोर उभ्या. बुडबुडे थांबले तरी बघतच होत्या. हाक मारली की 'हं' म्हणायच्या. मला वाटलं, घरचं काही डोक्यात असेल."

शनिवारी मी शेठला सगळं सांगितलं. त्या सह्यांचे सगळे लॉट त्यांनी बाजूला काढून पुन्हा तपासणीला पाठवले. भाऊंनी दाखवलेल्या प्रत्येक सहीवर मी लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'ही सही माझी नाही.' तिसऱ्या पानावर हात थांबला. वाक्य आईचं होतं.

डॉक्टरांची वेळ पुढच्या बुधवारची मिळाली. तोवर शेठने मला काढलं नाही. तक्त्यात एक रकाना वाढवला, भाऊंच्या स्वतःच्या सहीचा. मी भाऊंशी एक गोष्ट ठरवली. भांडं तापताना मी बुडबुडे मोठ्याने मोजायचे. माझा आवाज थांबला की त्यांनी हाक मारायची.

सोमवारी पहिल्यांदा तसं केलं. काचेत काळा रस हळूहळू उकळत होता, वर बारीक डोळे उघडत होते आणि मिटत होते. मी मोजत होते. भाऊंनी दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा मी लगेच "ओ" दिली. बुडबुडे थांबले. मी वेळ लिहिली, खूण केली, सही केली, आणि ती करताना स्वतःच्या हाताकडे नीट पाहिलं.

मग भाऊंनी त्यांचा रकाना भरला. लूमवाल्यांच्या मोठ्या, तुटक अक्षरात लिहिलं होतं: हाका पाच.