कन्नड न येणारी बाई

चामराजपेटमधल्या आमच्या गल्लीत मला ‘कन्नड न येणारी मराठी बाई’ म्हणून ओळखतात. इतकी वर्षं इथे राहून भाषा शिकली नाही, म्हणजे शिष्टच असणार, असं लोकांना वाटत असेल. मी वाटू दिलं. खरं तर मी रोज वर्तमानपत्र कन्नडच वाचते. मला जमत नाही ते ऐकणं.

यजमान होते तेव्हा ते शेजारी उभे राहून समोरच्याचं बोलणं मला जरा मोठ्यानं मराठीत सांगत. लोकांना ते भाषांतर वाटे. “मी आहे ना, फुकटचं यंत्र,” ते म्हणत. कानांची तपासणीही त्यांनीच करवली होती. अहवाल हातात आल्यावर मी अपंगत्वाचा कायदा काढून बसले. त्यात बहिरे वेगळे धरले आहेत आणि कमी ऐकू येणारे वेगळे. मी दुसऱ्यांत बसत होते. मला हायसं वाटलं. दोन्ही प्रकार एकाच यादीत, अपंगत्वाच्याच, आहेत हे कळूनही मी यजमानांना म्हणाले, “बघा, मी बहिरी नाही.” अपंग म्हणजे माझ्या डोक्यात कुबड्या होत्या, पांढरी काठी होती. मला पाहून कोणाला काय कळणार होतं? कानाच्या यंत्राचा विषय तिथेच संपला.

ते गेले. तेरावा झाला, पाहुणे परतले. मग एका दुपारी समोरच्या अक्का दारात आल्या. हातात चित्रान्नाचा, म्हणजे फोडणीच्या लिंबूभाताचा डबा, मागे त्यांची मुलगी. अक्का माझ्याकडे पाहत सावकाश काहीतरी बोलल्या. मला नुसता आवाज आला, शब्द लागले नाहीत. मी सवयीनं हसले आणि म्हणाले, “कन्नड बरल्ला.” कन्नड येत नाही.

मुलगी खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. जवळ येऊन मोठ्यानं हिंदीत म्हणाली, “आंटी, अम्मा मराठीतच बोलली. इंदिरानगरच्या माझ्या ऑफिसात पुण्याची एक मुलगी आहे, तिच्याकडून मी वाक्य आणलं. अम्मा केव्हाची घोकतेय. ‘एकट्या जेवू नका, आमच्याकडे या.’”

अक्कांचा चेहरा उतरला होता. “इतकं वाईट बोलले मी?” त्यांनी मुलीला कन्नडमध्ये विचारलं. ते मला ओठांवरून कळलं.

मान हलवली असती तरी चाललं असतं. उच्चार कळले नाहीत, एवढंच म्हणायचं होतं. ते वाक्य तोंडात तयारही होतं.

“ननगे किवी केळिसल्ला, अक्का,” मी म्हणाले. मला कानांनी ऐकू येत नाही.

 अक्का अगदी जवळ आल्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात कन्नडमध्ये म्हणाल्या, “अय्यो! कान गेले तर गेले, तोंडाला काय झालं होतं इतकी वर्षं?”

 त्यांनी मला हाताला धरून खिडकीपाशी, उजेडात बसवलं, समोर स्टूल ओढलं आणि डबा उघडला. त्या बोलू लागल्या, सावकाश, एकेक शब्द सुटा करत. त्यांचं बोलणं कळायला त्यांच्या तोंडाकडे बघणं भाग होतं, आणि मला मान वर करवत नव्हती.