गाडीपर्यंतची वाट

आमचे ड्रायव्हर माणसाच्या तोंडाकडे फारसं बघत नसत, पायांकडे बघत. ते दातिवऱ्याचे. उमेदीची वर्षं होडीवर गेली, पुढे गुडघे कुरकुरू लागले तेव्हा त्यांनी स्टिअरिंग धरलं. ऑफिसात सगळे त्यांना नाखवा म्हणायचे. ते माझ्या वडिलांच्या वयाचे, म्हणून मी नाखवामामा म्हणायची.

आमचं काम म्हाताऱ्या माणसांचं होतं. वयाबरोबर काहींच्या हृदयातली, रक्त बाहेर सोडणारी झडप कडक होते, तिची वाट अरुंद होत जाते. त्रास सुरू व्हायच्या आधीच झडप बदलावी की थांबावं, यावर आमच्या डॉक्टरसरांचा अभ्यास चालू होता. मी आणि नाखवामामा दर तीन महिन्यांनी गावोगाव जायचो. पेशंट घरातून रस्त्यावरच्या गाडीपर्यंत यायचा, मी रक्तदाब बघायची आणि तीन प्रश्न विचारायची. चालताना दम लागतो का, छातीत दुखतं का, चक्कर येते का. एकाला जरी हो आलं, तरी त्याच दिवशी त्याला पालघरला तपासायला न्यायचं, असा नियम होता.

मी फॉर्म भरत असताना नाखवामामा बॉनेटला टेकून उभे असायचे. परतताना सांगायचे, त्या केळव्याच्या बाई मागच्या खेपेला एका दमात आल्या, आज कुंपणाला हात लावून आल्या. मी हसून सोडून द्यायची. एकदा म्हणाले, "जाळं ओढताना कोण दमला ते विचारायला लागत नाय, ताई. तोंड खोटा बोलतं, पाय नाय बोलत."

केळव्याजवळच्या माहीमला एक वाडीवाले काका होते. नारळ, केळी, थोडी पानवेल. दर खेपेला शहाळी हातात घेऊन ताडताड यायचे. त्या दिवशी हात रिकामे होते. एका केळीपाशी थांबले, वाळकं पान ओढलं, मग जास्वंदीपाशी थांबले. गाडीत बसल्यावर तिन्ही प्रश्नांना म्हणाले, "काय नाय, मी ठणठणीत."

नाखवामामांनी मला बाजूला बोलावलं. "ते झाडां बघत नाय, ताई. दम घेतात. आज न्या त्यांना."

आणखी दोन गावं बाकी होती. काकांना पालघरला नेलं असतं तर दिवस गेला असता, आणि त्या महिन्यात माझ्या भेटी आधीच मागे पडल्या होत्या. फॉर्मवर पेशंट सांगेल तेच लिहायचं असतं, असं मी म्हटलं. ते खरंही होतं. पण तेवढ्यावर न थांबता मी म्हटलं, "मामा, तुम्ही गाडीचं बघा." ते गाडीत जाऊन बसले. मी तिन्ही ठिकाणी 'नाही'वर खूण केली.

तीन आठवड्यांनी काका वाडीत पंपाजवळ पडले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

सरांनी मला कोळगावजवळच्या ऑफिसात बोलावलं. शेवटच्या भेटीत काही वेगळं दिसलं होतं का, असं शांतपणे विचारलं. मी नाही म्हटलं. नाखवामामा किल्ली द्यायला दारात आले होते. सर त्यांच्याकडे वळले, "तुम्हीपण होतात ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मी गाडीत होतो, सर."

बोईसरला घरी सोडताना ते काहीतरी बोलतील म्हणून मी वाटभर अंग चोरून बसले होते. उतरताना त्यांनी एवढंच विचारलं, उद्या किती वाजता निघायचं.

त्यानंतर पायांबद्दल ते कधी बोलले नाहीत. चार-पाच महिन्यांनी तारापूरच्या एका कंपनीच्या बसवर लागले. ते गेल्यावर एका मीटिंगमध्ये मी सुचवलं की पेशंट गाडीपर्यंत कसा चालत आला, कुठे थांबला, हे लिहायला फॉर्ममध्ये रकाना हवा. सरांना फार आवडलं. हे सुचलं कसं, म्हणाले. मी म्हटलं, अनुभवातून. आता नव्या मुलींना तो रकाना मीच शिकवते.

गेल्या वर्षी न राहवून दातिवऱ्याला गेले. मामा ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं, रकान्याचंसुद्धा, आणि माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं. मामींना चहा टाकायला सांगितला. मग म्हणाले, "माझी कशाला, ताई? माझं काय गेलं? माहीमला जा."

दुसऱ्या दिवशी सरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, लिहून द्या. मी लिहून दिलं. रकाना कुणामुळे सुचला, तेही लिहिलं.

माहीमला मात्र आमची गाडी अजून दर तीन महिन्यांनी जाते. वाडीवाल्या काकांच्या घरी काकी बहुतेक वेळा अंगणात असतात. गाडी ओळखतात आणि हात करतात. त्यांना वाटतं, आम्ही त्यांच्या माणसासाठी पुष्कळ केलं. मीही काचेतून हात करते. नव्या ड्रायव्हरला 'थांब' म्हणायचं ओठांवर येतं, तोवर घर मागे गेलेलं असतं.