द्रौपदाअक्का आणि इस्तंबूलचा कारभारी

पिंपळनेरच्या आठवडे बाजारात द्रौपदाबाईची भज्यांची कढई ठरल्या जागी लागायची. गाव तिला अक्का म्हणायचं. तिला अक्षरओळख नव्हती, पण भजी बांधायच्या रद्दीत काय छापलंय ते कळल्याशिवाय ती कागद फाडत नसे. "कोनी इतलं लिखेल शे, नि आपन त्याले तेलमा बुडाडतस," असं म्हणायची. मग एखाद्या शिकलेल्या गिऱ्हाइकाकडून ती ते वाचून घ्यायची आणि त्याच्या पुड्यात मूठभर भजी जास्त टाकायची.

१९७० च्या हिवाळ्यात मदनलाल दुकानदाराने धुळ्याहून रद्दीचा गठ्ठा आणला. कुणा वकिलाचं जुनं घर रिकामं झालं होतं. त्यात लंडनचं एक जुनंपुराणं वर्तमानपत्र निघालं. पानावर गर्दीतून चाललेल्या एका लष्करी माणसाचा फोटो होता. शाळेतले यादव मास्तर तेवढ्यात आले.

"मास्तर, हाऊ कोन शे?"

मास्तरांनी उभ्याउभ्याच वाचून सांगितलं. "हा तुर्की अधिकारी आहे, अक्का. पहिल्या महायुद्धात तुर्क हरले आणि इंग्रज, फ्रेंच फौजा इस्तंबूल शहरात ठाण मांडून बसल्या. मग तुर्कांच्या राष्ट्रवादी सरकारने याला पाठवलं. त्या फौजांच्या डोळ्यांदेखत याने शहराचा कारभार हातात घेतला."

"छापनारा त्याले चांगला म्हनस का?"

"छे. हट्टी म्हणतो, उद्धट म्हणतो. लंडनचा बातमीदार ना तो. पण खरा राग निराळाच दिसतोय. याने शहरातले दारूचे गुत्ते बंद केले, आणि बातमीदाराला जेवणाबरोबर प्यायला मिळाली नाही."

अक्का इतकी हसली की झारा तेलात पडला. हसू ओसरल्यावर तिने विचारलं, "बाहेरनी फौज तठेच व्हती, तरी बी बंद कयात?"

"तरीही."

"आपला गावमा ते एकला तोताराम शे," अक्का म्हणाली.

सरकारची दारूबंदी तेव्हा होती, पण नदीकाठच्या घरात तोतारामची हातभट्टी राजरोस चालायची. बाजाराच्या दिवशी नवरे पैसे तिथेच उडवायचे, आणि कितीतरी बायका रिकामी पिशवी घेऊन घरी परतायच्या.

पुढच्या बाजारी अक्काने कढई थेट तोतारामच्या दारासमोर लावली. फोटोचं पान मदनलालच्या दुकानातल्या पुठ्ठ्यावर चिकटवून शेजारी उभं केलं. तिने आठवडाभर घरोघर सांगून ठेवलं होतं, त्यामुळे बायका मुलाबाळांसह आल्या आणि भजी खात ऐसपैस बसल्या. पुरुष यायचे, बघायचे तर समोर कुणाची आई, कुणाची सासू. काही जण आल्या पावली फिरले. काहींनी भजी घ्यायलाच आल्याचा आव आणला.

तोताराम बाहेर आला. "अक्का, मन्हा धंदा बसी गया ना."

"इस्तंबूलमा बी बसी गया."

"ते कोठे शे?"

अक्काने त्याला सगळी हकीगत तिखटमीठ लावून सांगितली. त्या तहानलेल्या बातमीदाराची गोष्ट ऐकून बायका लोटपोट झाल्या. तेवढ्यात तोतारामची बायको लिलाबाई विळी घेऊन घरातून आली, अक्काशेजारी बसली आणि कांदे चिरू लागली. बायकोकडे पाहून तोताराम आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

तो रुसून साक्रीला मेहुण्याकडे जाऊन राहिला. इकडे दर बाजारी कढई तिथेच लागत राहिली. परत आल्यावर त्याने भट्टीची मडकी स्वतःच फोडली, आणि आता काय करू म्हणून अक्काकडेच आला. तिने त्याला जिलेबी शिकवली.

पहिला घाणा अगदी वेडावाकडा निघाला. बायका गोळा झाल्या होत्या. तोताराम खाली मान घालून उभा होता. अक्काने एक तुकडा मोडून खाल्ला.

"गोल नही," ती म्हणाली, "पन गोड शे."

लिलाबाईने ताट उचललं आणि सगळ्यांत आधी नवऱ्यासमोर धरलं.