दोरा बांधलेला टंबाटा

माझी जीभ तिखट, आणि तोरा त्याहून तिखट. पनवेलला सून होऊन आले तरी तो उतरला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगायची मला लाज वाटते.

शेजारच्या बेने इस्रायली मावशी संक्रांतीनंतर बोटीनं कायमच्या इस्रायलला निघायच्या होत्या. त्यांनी घासलेटच्या डब्यात टंबाट्याचं झाड लावलं होतं. हिवाळ्यात माकडं उतरायची आणि लाल दिसेल ते पळवायची. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला गज होते, म्हणून डबा आमच्याकडे आला. घरात मधमाशी कुठली यायला? फळ धरावं म्हणून मावशीच रोज येऊन फुलांना हलकेच टिचक्या मारायच्या, डबा उन्हाकडे फिरवायच्या. धरलेली फळं आम्हालाच खाऊ घालायच्या. शेवटच्या, सगळ्यांत मोठ्या फळाच्या देठाला मात्र त्यांनी दोरा बांधला. हे बियाण्याचं. त्यांच्या आईच्या परसातलं वाण होतं, तिकडे नेऊन लावायचं होतं.

बोटीला चार दिवस उरले असताना माझी नणंद पुण्याहून आली. जेवायला बसताना म्हणाली, आमच्याकडे रोज पानात टंबाटा असतो, इथे बिचाऱ्या वहिनीला काय मिळणार! झालं, माझं डोकं फिरलं. उठले, दोऱ्यासकट फळ खुडलं, विळीवर चिरलं आणि कोशिंबीर करून तिच्या पानात वाढली. तिनं चवीनं खाल्ली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

दुपारी नणंद बाहेर घरच्यांशी गप्पा मारत होती. मावशी आल्या, रिकाम्या फांदीकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "उंदरानं नेला, मावशी."

त्यांची नजर भिंतीशी टेकवलेल्या विळीवर गेली. ती धुवायचं मी विसरले होते. मावशी खाली बसल्या, बोट ओलं केलं आणि पाटाला चिकटलेल्या बिया एकेक करून उचलू लागल्या. मी तिथेच उभी. माफी मागायला तोंड उघडेना, एरवी सगळ्यांना पुरून उरणारं. दहा-बारा बिया निघाल्या. त्या पदराच्या टोकाला बांधून मावशी उठल्या.

"पुरतील एवढ्या," म्हणाल्या. मग खिडकीशी गेल्या आणि उरलेल्या फुलांना टिचक्या मारल्या. ती फळं धरेपर्यंत त्या इथे नसणार होत्या. ती आम्हालाच खायची होती.