हळूकाकांचं गुणी गवत

माझे सासरे फुटबॉलच्या मैदानाची देखभाल करतात आणि फुटबॉल त्यांना मुळीच आवडत नाही. धडधाकट माणसं खिळ्यांचे बूट घालून आपल्या गवतावर धावतात, याला ते खेळ म्हणायलाच तयार नाहीत. सामना चालू असताना रेषेबाहेर उभे राहून "हळू! अरे, हळू!" असं ओरडत असतात. पाहुण्या संघांना वाटतं, हा यांचा प्रशिक्षक आहे आणि काहीतरी डाव सांगतोय. इथले खेळाडू त्यांना हळूकाका म्हणतात. मी बाबा म्हणते, आणि माझं डोकं फिरलेलं असलं की काहीच म्हणत नाही.

लग्न ठरत होतं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या माहेरी आले. बाकीचे आत बसून मला काय काय विचारत होते आणि बाबा दाराशीच वाकून पायरीच्या फटीत उगवलेलं गवत न्याहाळत होते. माझे वडील "या ना आत" म्हणाले, तेव्हा कुठे उठले आणि पहिला प्रश्न टाकला, "इथे पाणी साचतं का हो?" हे मुलगी बघायला आलेत की घर घ्यायला, हेच वडिलांना कळेना.

आम्ही मैदानाच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. एका खोलीत माझं शिवणयंत्र आणि लोकांनी आणून टाकलेले कपडे. कुणाची पॅन्ट आखूड करायची, कुणाचा कोट पोटावर सैल करायचा, हा माझा धंदा. दुसऱ्या खोलीत आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि दारामागे गवत कापायचं यंत्र. त्या यंत्राला रात्री पांघरूण घातल्याशिवाय बाबा स्वतः पांघरूण घेत नाहीत. आमचे हे कामासाठी परगावी असतात, त्यामुळे बाबांशी भांडायचं काम माझ्यावरच पडतं.

तर मैदानाचे दोन अर्धे. गवत दोन्हीकडे हरळीच, जमिनीवरून सरपटत जाणारी, प्रत्येक पेराशी मूळ धरणारी. पण आमच्या घराकडच्या अर्ध्यात माती काळी, भुसभुशीत आणि खोल आहे. तिथे हरळी लांब लांब पेरं टाकत सुटते, पातीही रुंद. पलीकडच्या अर्ध्यात फार पूर्वी बसायची गॅलरी होती. ती पाडली, राडारोडा तिथेच दाबला आणि वर वीतभर माती पसरली. त्यामुळे तिथली हरळी बुटकी, बारीक पातीची, जमिनीला घट्ट चिकटून.

बाबांच्या लेखी ही जणू दोन पोरं. अलीकडचं लाडावलेलं, सारखं कापावं लागतं, सारखं पाणी मागतं. पलीकडचं गुणी. "बघ," ते मला सांगायचे, "काही मागत नाही, उगाच वाढत नाही, दिलं त्यात भागवतं. शहाणं आहे." मग अलीकडच्या गवताकडे बघून मान हलवायचे. त्या गवतापेक्षा माझ्या नवऱ्याला त्यांनी कमी टोमणे मारले असतील.

भानगड सुरू झाली एका सामन्यानंतर. काळ्या मातीवर चेंडू जेवून आडवा झाल्यासारखा थांबायचा आणि पलीकडे गेला की टणाटण उड्या मारत पळायचा. पाहुण्या गोलरक्षकाचे दोन्ही गुडघे सोलून निघाले. त्यांच्या लोकांनी तक्रार केली आणि दुसऱ्या दिवशी क्लबचे सेक्रेटरी साहेब येऊन उभे राहिले.

सेक्रेटरी साहेब माणूस वाईट नाही. त्यांचं फरशीचं दुकान आहे, त्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न त्यांना जुनी काढून नवी बसवण्याचाच वाटतो. म्हणाले, "काका, पलीकडचं गवत वेगळ्या जातीचं आहे. कुठल्यातरी रस्त्याकडेचं आणून लावलंत ना? ते सगळं काढून टाकू. गवताच्या तयार गुंडाळ्या मिळतात. सतरंजीसारख्या अंथरायच्या, की काम झालं."

बाबांचा चेहरा लालबुंद झाला. "रस्त्याकडेचं? एकाच वाफ्यातलं गवत मी माझ्या हातांनी दोन्हीकडे लावलंय! जात एक आहे, जमीन वेगळी आहे!"

"कशावरून?"

"सिद्ध करून दाखवतो. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत. नाही जमलं तर तुमच्या गुंडाळ्या आणा आणि त्या अंथरायला दुसरा माणूसही आणा."

आई दारातून ऐकत होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. बाबांना मैदान सोडायला लावणं म्हणजे माशाला पाण्याबाहेर बसायला खुर्ची देणं. पण बोलून बसले होते, आणि शब्द मागे घेण्याची सवय त्यांना नव्हती.

युक्ती मात्र सरळ होती. अलीकडच्या गवताचे चौकोन पलीकडे लावायचे आणि पलीकडचे अलीकडे. जातीचाच फरक असेल तर लांब ते लांबच राहील. जमिनीचा असेल तर लांब आखूड होईल, आखूड लांब होईल. बाबांनी धारदार फावड्याने चौकोन कापले, ताटातल्या वडीसारखे अलगद उचलले आणि बाळाला पाळण्यात ठेवावं तसे नव्या जागी बसवले. मग रोज सकाळ-संध्याकाळ चहाचा कप घेऊन त्यांच्यापाशी उकिडवे बसायला लागले.

आठवडे गेले आणि काहीही झालं नाही. लांब गवत बुटक्यांच्या मधे लांबच राहिलं आणि बुटकं लांबांच्या मधे बुटकं. दुरून पाहिलं तर मैदानाला कुणीतरी ठिगळं लावलीत असं वाटायचं. सेक्रेटरी साहेब आले, त्यांनी ठिगळं पाहिली आणि हसू दाबत म्हणाले, "सिद्ध झालं की, काका."

बाबा तडक मागे वळले. घरी आले, जेवण पुढ्यात ठेवून बसून राहिले. मग आईंना हळूच विचारलं, "अगं, लावताना मीच काही गडबड केली असेल का? दुसरीकडचं आणलं असेल आणि विसरलो असेन?" या माणसाने स्वतःवर शंका घेतलेली मी तोवर पाहिली नव्हती. मला त्यांचा राग करायची इतकी सवय होती की त्यांची कीव आली, तेव्हा माझी मलाच ओळख पटेना.

दुपारी माझी मोजपट्टी गळ्यात तशीच ठेवून मी मैदानावर गेले. म्हटलं, ठिगळांचं काम आहे, ठिगळ मला कळतं. एका चौकोनाच्या कडेला बोटं घातली आणि उचलला, तर खाली काळ्या मातीची चांगली जाड वीट. गवताचं एकही मूळ त्या विटेबाहेर आलेलं नव्हतं. यायचं कशाला? आत सगळं सुखाचं होतं.

मी तिथूनच हाक मारली. "बाबा! अहो, तुम्ही गवत हलवलंच नाहीत! घरच उचलून नेलंत, सामानसुमान आणि स्वयंपाकघरासकट. मग त्याला नव्या गावाची चव कशी कळणार?"

बाबा आले, वाकले, त्यांनी त्या विटेत बोट खुपसून पाहिलं. "मग काय करायचं?"

"माती धुऊन टाकायची. नुसती मुळं लावायची."

"उघडी मुळं?" बाबा असे दचकले, जणू मी कुणाला भर रस्त्यात कपडे काढायला सांगितलं होतं. "मातीशिवाय रोप हलवायचं नाही, हे मला पहिल्या दिवशी शिकवलंय. आजवर एक मूळ मी उघडं पाडलेलं नाही."

"म्हणूनच ही पाळी आलीय."

"तू लोकांच्या पॅन्ट आखूड कर."

"करते. आणि तुम्ही गुंडाळ्या अंथरायला माणूस शोधा."

हे जरा लागलं त्यांना. तेवढ्यात आई कपड्यांचा टब घेऊन बाहेर आल्या, नळाखाली ठेवला आणि त्या चौकोनांतलं गवत उपटून धुवायला बसल्या. साबण तेवढा लावला नाही. काळं पाणी ओसरून पांढरी मुळं दिसायला लागली तसे बाबा पाठ करून उभे राहिले आणि "हळू गं, हळू" म्हणत राहिले. आई म्हणाल्या, "संसारभर हेच ऐकतेय."

धुतलेल्या काड्या बाबांनी इकडच्या तिकडे आणि तिकडच्या इकडे लावल्या. दोन-चार दिवसांत बऱ्याचशा पिवळ्या पडल्या. बाबा माझ्याकडे असं बघायचे, जणू मीच खून केलाय. मी शिवणयंत्रावरून मान वर करत नव्हते. पण उरलेल्यांनी तग धरला, नवी पाती काढली, पेरं टाकली.

सेक्रेटरी साहेब ठरल्याप्रमाणे आले. "कुठे आहे दाखवा."

आम्ही तिघंही मैदानावर गेलो आणि शोधायला लागलो. ठिगळं गायब. बाबा गुडघ्यांवर, मी गुडघ्यांवर, आई चष्मा पुसतायत, आणि गवत सगळं सारखं. इतकं बेमालूम मिसळलं होतं की आमचा पुरावाच आम्हाला सापडेना. सेक्रेटरी साहेब घड्याळ बघत म्हणाले, "काका, इथे तुम्ही काही लावलं होतं ना नक्की?"

"गप्प बसा हो जरा," बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. काळ्या मातीच्या त्या अर्ध्यात ते बोटांनी एकेक धावती काडी चाचपत पुढे सरकत होते. एका ठिकाणी थांबले. माती सारून त्यांनी काडी हळूच वर उचलली आणि सेक्रेटरी साहेबांचं बोट धरून तिच्यावर ठेवलं. जुन्या टोकाला पेरं इतकी जवळजवळ, की नखही मधे बसू नये. आणि धुऊन लावल्यानंतरची नवी पेरं? मी मोजपट्टी लावली. एकेक पेर बोटाएवढं. काडी एकच. पलीकडे दाटीवाटीत वाढलेली, इकडे येऊन हातपाय पसरलेली.

सेक्रेटरी साहेबांनी स्वतः पुन्हा दोनदा बोट फिरवलं. "कमाल आहे," ते म्हणाले. "एकच आहे की हो. काका, मी शब्द मागे घेतो. नाही आणत गुंडाळ्या. तुमचं ते पलीकडचं गवत आहे तसं राहू दे. कुणी हात लावणार नाही."

मी आईंचा हात दाबला. आम्ही जिंकलो होतो. बाबांनी आता निदान दहा वेळा तरी "मी सांगत होतो" म्हणायला हवं होतं, आणि मी ते ऐकून घ्यायच्या तयारीत होते. बाबा मात्र ती काडी हातात धरून बसले होते.

"त्याला वाढायचं होतं गं," ते मला म्हणाले.

"काय?"

"हे गुणी. मला वाटायचं, शहाणं आहे, म्हणून वाढत नाही. जमीन वेगळी आहे, जमीन वेगळी आहे, असं मीच बोंबलत होतो, आणि माझ्याच कानात शिरलं नाही. उपाशी होतं ते. मी त्याचं कौतुक करत राहिलो आणि ते उपाशी होतं." मी त्यांच्याकडे न बघता मोजपट्टी गुंडाळत राहिले.

मग ते उठले, गुडघे झटकले आणि सेक्रेटरी साहेबांना म्हणाले, "उकरा."

"अहो, पण आता तर..."

"सगळा अर्धा उकरायचा. खालचा राडारोडा काढायचा. तुमची गाडी पाठवा, काळी माती आणायची आहे. गवत मात्र हेच लागेल, मी धुऊन ठेवतो."

सेक्रेटरी साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. बाबांनी घरून फावडं आणलं, पलीकडच्या गोलपाशी जाऊन उभे राहिले, आणि ज्या गवतावर त्यांनी कुणाला जोरात पाऊल टाकू दिलं नव्हतं त्यात पातं खोल घातलं. खाली राडारोड्यातल्या विटेवर ते खणकन वाजलं. बाबा वाकले.

"आलो रे," ते गवताला म्हणाले. "जरा उशीरच झाला."